चाळिसातल्या सोळा बरण्या

रबरी कडीची झाकणं त्या भांड्यांच्या दुकानात एकच डझन उरली होती आणि त्या डब्याच्या दोन टोकांवर दोन हात होते.

एक हात तिचा. परसातले टोमॅटो ठरवून केल्यासारखे एकाच आठवड्यात पिकले होते. झाकणांवाचून बरण्या म्हणजे नुसती काच. दुसरा हात एका उंच, किंचित वाकून उभ्या असलेल्या माणसाचा होता. तो शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता आणि त्याच्या नमुन्याच्या बरण्याही उघड्या पडल्या होत्या.

"पाण्याला झाकण कशाला? पाणी थोडंच नासतं?" तिने विचारलं.

"नासतं. फक्त तोंडावर दाखवत नाही."

दुकानदाराने दोघांकडे पाहिलं आणि निकाल दिला. "तारीखताई, सहा तुम्ही घ्या, सहा यांना द्या."

शाळेत गणित शिकवणारी ही बाई घरातल्या मिठाच्या डब्यावरसुद्धा तारीख घालते, म्हणून सगळी गल्ली तिला तारीखताई म्हणते, असा खुलासाही त्याने न विचारता केला. त्या माणसाने सहा झाकणं मोजून खिशात टाकली. दाराशी तो क्षणभर थांबला.

"मी मात्र तुम्हाला ताई म्हणणार नाही."

"का बरं?"

"एकदा जीभ वळली की... पुढे अडचण होते."

ती आपली सहा झाकणं पिशवीत टाकून निघाली. घरापर्यंतचा रस्ता नेहमीपेक्षा कमी वेळात संपला, हे तिच्या मोजणीच्या स्वभावाने टिपून ठेवलं.

आठ दिवसांनी सहाही झाकणं परत आली. उकळलेली, वाळवलेली, प्रत्येक कागदात वेगळं गुंडाळलेलं. दार वडिलांनी उघडलं. आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केल्यामुळे त्यांना माणूसही पारड्यात घालूनच पाहायची खोड होती. त्यांनी पाहुण्याला चहा दिला, अर्धा तास वजनकाट्यांविषयी प्रश्न विचारले आणि तो गेल्यावर लेकीला सांगितलं की पाणीवाला बरा आहे, जे कळत नाही ते कळत नाही म्हणतो.

मग पाणीवाला दर रविवारी येऊ लागला. निमित्त कधी विहिरीचा नमुना, कधी निमित्तच नाही. फरसबी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून लगेच थंड पाण्यात का टाकायची, गाजरं ओलसर वाळूत एकमेकांना न टेकता का निजवायची, कांद्याच्या वेण्या वाऱ्यावर का टांगायच्या, हे तिने त्याला शिकवलं. तो प्रत्येक गोष्टीला "का" विचारी; आणि तिला असा विद्यार्थी वर्गात कधी मिळाला नव्हता. काकड्या मिठाच्या पाण्यात दाबून बसवताना एकदा त्यांची बोटं बरणीच्या तोंडाशी अडकली. कोणीच घाई केली नाही.

"बरणी अरुंद आहे," तो म्हणाला.

"बरणी ठीक आहे. हात मोठा आहे."

"काढू?"

"काकडी आधी बसू दे..."

पावसाळा सरता सरता टोमॅटोचा दुसरा बहर आला. यंदा तिने नेहमीच्या लाल टोमॅटोंबरोबर पिवळे लावले होते. बी तिनेच तीन वर्षं निवडत आणलेलं. फळ असं गोड, की वडील ते नुसतं खात. त्याच सुमारास रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून विचारणा झाली: टोमॅटोच्या घट्ट रसाच्या चाळीस बरण्या हिवाळ्यासाठी मिळतील का? रस तिच्या आईच्या पद्धतीचा होता. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिच्या हातची पद्धत पहिल्यांदाच घराचा उंबरा ओलांडणार होती. एकवीस दिवसांपूर्वी भरलेल्या चाळीस बरण्या फळीवर उन्हात चमकत होत्या. तिने त्या पाहुण्यांना दाखवल्या, शेजारणीला दाखवल्या, आणि कोणी नसताना स्वतःही पाहिल्या.

मिरवण्याची हौस कोणाला नसते? सोमवारी बरण्या जायच्या होत्या. त्याआधी तिने पाणीवाल्याला आम्लतेचा मापक घेऊन यायला सांगितलं. आकडा बरण्यांवरच्या चिठ्ठीवर लिहायचा होता. हिशेब साधा होता. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. चार पूर्णांक सहाच्या खाली असेल तर बंद बरणीत, हवेवाचून जगणारा तो एक घातक जंतू वाढू शकत नाही. आकडा त्याच्या वर गेला, तर जंतू वाढू शकतो, आणि नुसत्या उकळत्या पाण्याने तो मरत नाही. आणि रसाचा रंग, वास, चव यांपैकी काहीही चुगली करत नाही.

त्याने एक बरणी उघडून मापक बुडवला. तो पाच पूर्णांक एकवर थांबला.

त्याने पुन्हा बुडवला. पाच पूर्णांक एक.

"या पाठवता येणार नाहीत," तो हळू म्हणाला.

तिचे कान तापले. आईने तीस वर्षं हाच रस केला, एकाही माणसाचं पोट दुखलं नाही, हे तिने वर्गात प्रमेय मांडावं तसं मांडलं. मग तिची नजर त्याच्या पेटीतल्या एका बाटलीवर गेली. मापक ज्या द्रावणात बुडवून जुळवायचा, ते त्यात होतं.

"ही कधी उघडली?"

त्याने बाटली फिरवून पाहिली. तारीख नव्हती. आठवेना.

"जुन्या द्रावणावर जुळवलेला मापक आणून माझ्या आईला खोटं पाडता?"

तो कानापर्यंत लाल झाला. चूक त्याची होती. त्याने ती तिथेच मान्य केली आणि पेटी उचलून गेला. ती जिंकली होती. जिंकल्यावर जेवण का जात नाही, याचं कारण तिला सापडलं नाही.

तीन दिवस त्याचा निरोपही आला नाही. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, नवी सीलबंद बाटली घेऊन दारात उभा राहिला. तिच्यादेखत त्याने सील तोडलं, बाटलीवर तारीख घातली, मापक जुळवला. मग त्याने तिच्या चिठ्ठ्या वाचून बरण्यांचे नुसत्या लाल आणि पिवळे मिसळलेल्या असे दोन गट केले आणि प्रत्येकातल्या सहा उघडायची परवानगी मागितली. दोन बरण्या पुरणार नाहीत का, असं तिने विचारलं.

"दोनांत योगायोग असू शकतो. तुम्हाला दुखवायचंच असेल तर योगायोगावर नको."

तिने सहाऐवजी सगळ्या उघडायला सांगितलं. आकडा ठीक निघाला तर उघडलेल्या बरण्या त्याच दिवशी पुन्हा उकळून बंद करता येणार होत्या. दुपारपर्यंत तो आकडे सांगत गेला, ती लिहीत गेली. नुसत्या लाल टोमॅटोंच्या सोळा बरण्या: चार पूर्णांक तीन. पिवळे मिसळलेल्या चोवीस: चार पूर्णांक सात.

तिने चार पूर्णांक सातखाली रेघ ओढली. मागच्या खेपेला उघडलेली बरणी पिवळ्या मिश्रणाची होती. मापक चुकला होता. इशारा बरोबर होता.

"आईची पद्धत आईच्या टोमॅटोंसाठी अचूक होती," तो म्हणाला. "तुमचे पिवळे फार गोड आहेत. लिंबाचा रस मोजून घातला असता तर—"

"मला कळलं." तिने पेन ठेवलं. "तुम्ही नुसतं 'माझा मापक चुकला' म्हणाला असता तरी मी तुम्हाला माफ केलं असतं. माहीत होतं ना?"

"होतं."

"मग का आलात?"

"तुमचा रस आजारी माणसं खाणार होती. आणि चिठ्ठीवर तुमचं नाव होतं."

रस भरल्या दिवशीच लिंबू घालून पुन्हा उकळला असता तर वाचला असता. तीन आठवडे उलटल्यावर नाही. हे त्याने सांगण्याआधी तिनेच सांगितलं. भुरभुर पावसात त्यांनी परसाच्या कोपऱ्यात खोल खड्डा खणला. चोवीस बरण्या तिने एकेक करून स्वतः ओतल्या. मान ताठ होती, डोळे ओले होते, आणि पाऊस असल्यामुळे कोणाला खुलासा द्यावा लागला नाही. खिडकीतून पाहणारे वडील नंतर एवढंच म्हणाले की, काटा चुकला हे गिऱ्हाइकाआधी सांगणारा दुकानदार त्यांनी उभ्या जन्मात दोनदाच पाहिला, आणि आज तिसऱ्यांदा, तोही स्वतःच्या घरात.

सोमवारी सोळा बरण्या आणि एक पत्र घेऊन ती रुग्णालयात गेली. बरण्यांची पेटी उचलायला तो होताच. पत्रात चाळिसाच्या सोळा का झाल्या, चूक कोणाची आणि पुढच्या मोसमात काय बदलेल, हे तिने आकड्यांसह लिहिलं होतं. स्वयंपाकघराच्या प्रमुखबाईंनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. बाकीचे सगळे फक्त खात्री देतात, त्या म्हणाल्या. कागद देणारी तुम्ही पहिली. पुढच्या वर्षी शंभर बरण्या हव्यात.

बाहेर येऊन ती पायऱ्यांवर थांबली. गेल्या कित्येक वर्षांत ती इतकी उंच झाल्यासारखी चालली नव्हती.

"शंभर म्हणजे दोनशे लिंबं तरी लागतील," ती म्हणाली.

"पिळायला मी येईन. मोजायलाही." तो अडखळला. "आणि मोजण्यासारखं काही नसलं... तरीही यायचंय."

"ते कशासाठी?"

"माझं तुमच्यावर प्रेम आहे."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पुरावा?"

"तुम्ही रागावलात, त्या तीन दिवसांत मी सगळ्या शहराचं पाणी दोनदा तपासलं. घरी जाववेना."

"तीन दिवस म्हणजे नमुना फार लहान झाला."

"मान्य आहे."

तिने रिकामी पेटी त्याच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि मोकळा झालेला तो हात हातात घेतला.

"पण तेच तीन दिवस माझ्याकडेही आहेत," ती म्हणाली. "आणि निष्कर्ष जुळतोय."