बाण दाबायला विसरू नका

"ही भिंत मला लागेल," मागून आवाज आला.

दुसरीच्या बाई तेव्हा स्टुलावर चढून भिंतीला कागदी ढग चिकटवत होत्या. त्यांनी वळून पाहिलं. दारात एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात ड्रिल मशीन, पावसाने केस चपचपीत.

"ही भिंत दुसरीच्या वर्गाची आहे," बाई म्हणाल्या. "आणि ते चिखलाचे बूट बाहेर काढा. लादी आत्ताच पुसलीय."

त्याने मुकाट्याने बूट काढले. एका मोज्याला भोक होतं, ते बाईंना दिसलं आणि त्याला ते दिसल्याचं कळलं… झाली ओळख.

त्या भिंतीवर बाईंचं झाड होतं. खाकी कागदाचं खोड, जमिनीपासून छतापर्यंत. पावसाळ्यात हिरवी पानं आणि ढग, हिवाळ्यात पानगळ आणि फांद्यांवर मुलांनी रंगवलेल्या टोप्या, उन्हाळ्यात पिवळी फुलं. आठ वर्षांत मुलं पुढे गेली, झाड तिथेच राहिलं. त्यावर कॉम्प्युटरचा मोठा पडदा येणार म्हटल्यावर बाई तिथून हलेनात.

शेवटी पडदा बाजूच्या भिंतीवर गेला.

"एका झाडापायी सहा मीटर वायर जास्त लागली," तो कुरकुरला.

"झाडाला जागा लागतेच हो, सर."

हा माणूस वर्षभरासाठी आला होता. आसपासच्या नऊ शाळांत पडदे बसवायचे आणि शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवायचा, हे त्याचं काम. या शाळेचा वार बुधवार. मुलांनी लगेच नाव ठेवलं, वायरवाले सर.

बुधवारी शाळा सुटली की सगळे शिक्षक मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत. सर दर वेळी एक नवी युक्ती शिकवत आणि तिचा कागद हातात देत. एका बुधवारी त्यांनी शिकवलं ते असं : मुलांना रंगवायला द्यायचे ऋतूंचे कागद आधीच तयार करून मेलला तारीख लावून ठेवायची, म्हणजे वेळ आली की ते आपोआप नऊही शाळांना जातात. "फक्त एक लक्षात ठेवा. कॅलेंडर चालू महिन्यावरच उघडतं. पुढच्या महिन्यात जायचं तर कडेचा बाण दाबायचा. विसरू नका."

बाई विसरल्या.

दुसऱ्या दिवशी, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, नऊ शाळांना बाईंचे हिवाळ्याचे कागद पोचले. 'लोकरीची टोपी रंगवा. शेकोटीभोवती किती जण बसलेत, मोजा.' पहिलीच्या बाईंनी तर न बघता वाटूनही टाकले. व्हरांड्यात छत्र्या ठिबकतायत आणि आत पोरं शेकोट्या मोजतायत! बाईंनी कपाळाला हात लावला.

"बाई, तुमच्याकडे थंडी लवकर पडली वाटतं," पुढच्या बुधवारी सर म्हणाले.

"हसा, हसा. तुमचीही वेळ येईल."

तेव्हापासून सरांच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ छापलेली असे. 'बाण दाबायला विसरू नका.' ती कोणासाठी होती हे नऊही शाळांना ठाऊक होतं. बाईंना राग यायचा, आणि तरीही प्रत्येक कागदावर ती ओळ आहे ना, हे त्या सगळ्यात आधी बघायच्या.

हळूहळू सर शिकवून झाल्यावरही रेंगाळायला लागले. झाडाची पानं कापून देतो म्हणाले. पण त्यांनी कापलेलं पान म्हणजे नुसतं वांगं.

"तुम्ही डावरे आहात का?" बाईंनी विचारलं. मुलांच्या डब्यातून निळ्या मुठीची छोटी कात्री काढून दिली. "ही घ्या. डाव्या हाताची आहे."

सरांनी एक पान कापलं. मग दुसरं. कडा कशी सुरेख वळली होती. ते कात्रीकडे बघतच राहिले.

"आयुष्यात पहिल्यांदा नीट कापलं," ते हळूच म्हणाले. "आजवर कोणी… विचारलंच नव्हतं."

बाईंनी डिंकाच्या बाटलीचं झाकण उगाचच घट्ट लावलं. त्या दिवशी त्यांना हा माणूस आवडला, आणि मग तो आवडतच राहिला.

वर्ष कोणासाठी थांबत नाही. मार्च उजाडला. शुक्रवारी सरांचं इथलं काम संपणार आणि पुढच्या वर्षासाठी ते बसने दोन तास लांबच्या शाळांवर जाणार, असं ठरलं.

"अगं, बोल ना त्यांच्याशी," चौथीच्या बाई मागे लागल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. "माणूस चालला की!"

"आणि बोलल्यावर ते नुसते हसले तर? मग जन्मभर त्या पडद्याकडे बघत पाढे कसे शिकवू?"

"मग बस मूग गिळून."

बाई मूग गिळून बसल्या. शेवटचा बुधवार आला. सर पुढे उभे राहून काहीतरी सांगत होते, पण बाईंचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात बाईंच्या लॅपटॉपवर मेल आली. सरांकडूनच. 'उन्हाळा – झाडासाठी.'

आत पिवळ्या फुलांची पाच पानं होती, कापायच्या रेघांसकट. सहाव्या पानावर फुलं नव्हती.

'बाई, तुम्ही ही फुलं कापाल तेव्हा एप्रिल असेल आणि मी इथे नसेन, म्हणून लिहायचा धीर होतोय. मी मंगळवारपासूनच बुधवारची वाट बघायचो. तुम्ही मला फार आवडता. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं.

तास संपला. सगळे पर्सा, डबे उचलून निघाले. सर जवळ आले. "काही अडलंय का, बाई?"

बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

"सर," त्या म्हणाल्या, "बाण दाबायला विसरलात."

सरांचे कान लालेलाल झाले. "हे… हे महिन्याभराने यायचं होतं."

"म्हणजे लांब जाऊन मग सांगणार होतात?" बाईंचा आवाज चढला. "समोर उभं राहून नाही?"

"तुम्ही नाही म्हणालात, तर… लांब असलेलं बरं, असं वाटलं."

हीच भीती त्यांनी स्वतः किती बुधवार पोटात ठेवली होती! राग कुठच्या कुठे गेला.

"मी भर पावसात नऊ शाळांना शेकोटी पाठवली, सर. तरी जिवंत आहे ना?" त्या म्हणाल्या. "आता सांगा, उत्तर तारीख लावून पाठवू, की लगेच हवंय?"

"लगेच," सर म्हणाले.

"मलाही तुम्ही आवडता. त्या वांग्यासारख्या पानांपासून."

सर हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. मग बाईंनी डब्यातली निळ्या मुठीची कात्री काढून त्यांच्या डाव्या हातात ठेवली.

"शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. एवढी फुलं मी एकटी कापणार नाही. ही घेऊन जा आणि येताना आठवणीने आणा."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी," बाई म्हणाल्या.