ओल्या पडद्यापलीकडून

मुलग्यांनी सांगितलं : घोडेस्वाराची तलवार उजव्या हातात.

मुलींनी सांगितलं : डाव्या.

पडदा भिजवला, की चित्र आरपार दिसतं. अलीकडे खोलीत मुलगे, पलीकडे पडवीत मुली.

पडद्यावर चित्रं पाडणाऱ्या जादूच्या कंदिलाशेजारी, मेजावर, कंदिलवाल्याचं घड्याळ होतं. खेळ संपल्यावर नव्हतं.

"डावीकडनं हाताची सावली आली न् चित्रावरनं गेली," आवडी म्हणाली. मेजाच्या डावीकडे तिचाच बाप, शाळेचा शिपाई भिकू, पाण्याची बादली घेऊन बसला होता.

मालोजी मुंबईत खाजगी तपासाची कामं करी. जवळच कापडे या आपल्या गावी आला होता, तो बालमित्र सहदेव गुरुजींच्या निरोपावरून महाडच्या शाळेत आला.

"चोर ठरलाय," गुरुजी म्हणाले. "फौजदाराकडे देण्याआधी तू बघ, एवढंच."

मालोजीनं भिकूला विचारलं, "पोरगी खोटं बोलते?"

"नाय साहेब. ती खोटं नाय बोलायची."

"मग घड्याळ तू घेतलंस?"

"ते पण नाय." भिकूनं मान वर केली नाही.

मेजाच्या उजवीकडच्या एकमेव बाकावर शाळा-कमिटीच्या अध्यक्षांचा रावजी एकटाच बसला होता. "सावली? आम्हां मुलग्यांना कुणालाच दिसली नाही."

"घोड्याचा लगाम कसला होता?"

"लाल."

"लगाम दिसला, अख्खा हात नाही?"

रावजीनं गुरुजींकडे बघितलं.

"मुलग्यांचं लक्ष चित्रात असतं, माझं मुलग्यांवर," गुरुजी म्हणाले. "मुलींना तलवारीचा हातसुद्धा धड सांगता आला नाही."

"सगळ्याजणी एकच चूक करतात?"

"एकीचं ऐकून दुसरी."

"आणि आवडी भिकूवर बोलली, तेवढं मात्र खरं?"

मालोजीनं पडदा पुन्हा भिजवून घेतला, दारं लावून कंदील पेटवला. "सहदेवा, पडवीत जा."

पडदा टांगल्यावर गुरुजी त्या बाजूला कधी गेलेच नव्हते. मालोजीनं उजवीकडून हात घातला. गुरुजींना तो डावीकडून आलेला दिसला. तलवारही डाव्या हातात होती.

"मागून पाहणाऱ्याला उजवं ते डावं," मालोजी पलीकडून म्हणाला. "पोरीनं दिसलं तसं सांगितलं. हात रावजीच्या बाकावरून आला. मुलग्यांना खरी बाजू दिसली, म्हणूनच ते गप्प. अध्यक्षांच्या पोराचं नाव कोण घेणार?"

रावजीनं घड्याळ आणून मेजावर ठेवलं. गुरुजी पडद्याआडच उभे राहिले.

आवडी बापाकडे बघत नव्हती.

"बरोबर बघितलंस गो," भिकू म्हणाला.

"भिकू..." गुरुजी पुढे आले.

"ऱ्हाऊ द्या गुर्जी. पडदा काढू का?"

खेळाच्या दिवशी, पडदा टांगताना, आवडीनं विचारलं होतं, "गुर्जी, मागनं सरळ दिसंल?" गुरुजी म्हणाले होते, "मुलींना काय फरक पडतो."