मच्छीमारांसाठी सूचना, दुपारी बारा

ही घटना खरी आहे. कुणाला खोटी वाटली तर मी वाद घालणार नाही. घालायचे तेवढे वाद मी विनयाशी घालून बसलेय, आणि हरलेय.

विनया माझी मावसबहीण. जयपूरला बनी पार्कमध्ये राहते, नवरा कौस्तुभ तिथेच आयटीत. घडलं ते याच मे महिन्यात, रविवारी, भर दुपारी. रात्र नाही, अमावस्या नाही. बाहेर लू, तिकडचा तो भाजणारा वारा, चालली होती आणि खाली कुल्फीवाला ओरडत होता.

आधी तिच्या सासऱ्यांचं सांगते. मुरलीधर तात्या.

कोकण किनाऱ्यावरच्या सरकारी रेडिओ केंद्रात त्यांनी उभा जन्म काढला. दुपारी बाराला 'मच्छीमारांसाठी सूचना' वाचायचे. वारा कसा, लाटा केवढ्या, समुद्रात जावं की जाऊ नये. सगळं दोनदा. एकदा वाचून झालं की स्टीलच्या फुलपात्रातून घोटभर पाणी, फुलपात्र टेबलावर ठेवल्याचा आवाज... टक... आणि पुन्हा पहिल्यापासून.

तात्या 'जाऊ नये' म्हणाले की आकाश कितीही मोकळं असो, कोणी होडी लोटत नसे.

आणि होडी परतली नाही, तर शेवटी ते नावं वाचायचे. आमच्या गावात रीत आहे. ज्याचं नाव रेडिओवर आलं, त्याच्या घराचं दार तो परत येईपर्यंत लावायचं नाही.

सासूबाई गेल्यावर कौस्तुभने तात्यांना जयपूरला आणलं. ते रोज बाराला ट्रान्झिस्टर घेऊन बाल्कनीत बसायचे. ते स्टेशन जयपूरला लागत नाही. लागणं शक्यच नाही. नुसती खरखर.

"बाबा, मोबाईलवर लावून देतो ना," कौस्तुभ वैतागायचा.

"मोबाईल तुझा तुला," एवढंच म्हणायचे.

कौस्तुभचं वैतागणं म्हणजे रोजचा रतीब. माणूस मायेचा, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. कूलर, सोडाला चौकातला ट्रॅफिक, ऑफिसातला साहेब, चहातली साखर. एकही गोष्ट सुटायची नाही. विनयाला त्या कटकटीची इतकी सवय, की ती कटकट म्हणजेच घर.

जानेवारीत तात्या गेले. जाताना लेकाकडून शब्द घेतला, अस्थी आपल्याच समुद्रात सोडायच्या. कलश लाल कापडात बांधून बाल्कनीच्या ग्रिलला टांगला. तिकिटं काढली. विनयाचा भाऊ मंगेश गावाला होडी चालवतो, तोच नेणार होता.

निघायच्या दिवशी दुपारी मंगेशचा फोन.

"ताई, येऊ नका."

"का रे?"

"आता बाराला रेडिओवर सांगितलं. समुद्रात जाऊ नये." मग म्हणाला, "ताई... वाचणारे तात्या होते."

कौस्तुभने फोन हिसकावून घेतला. मंगेशला नाही नाही ते बोलला. मग तिरीमिरीत थेट केंद्रावर फोन लावला. तिथल्या बाई सरळ होत्या. म्हणाल्या, बाराला तर आम्ही गाणी लावतो.

पण मंगेश हलेना. तिकिटं रद्द.

होळीनंतर पुन्हा ठरलं. पुन्हा निघायच्या दिवशी तेच. या वेळी मंगेशने मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवलं. नवरा-बायकोने कान लावून ऐकलं.

आवाज नव्हता. नुसती खरखर...

मध्येच... टक.

विनया उठून स्वयंपाकघरात गेली. तात्यांनी केंद्रातून सोबत आणलेलं ते फुलपात्र फळीवरच होतं, पालथं. जानेवारीपासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

"कप ठेवला असेल त्याने," कौस्तुभ म्हणाला. पण त्याचा तोल सुटलाच. किती वेळा रजा मागू? साहेब तोंडावर हसतो. बाप तिथे ग्रिलला टांगलाय, शेजारचे भैया रोज विचारतात, भाईसाब, अभी तक नहीं ले गए? काय सांगू त्यांना, बापच नको म्हणतोय म्हणून? बोलता बोलता तो रडायला लागला. शब्द दिला होता त्याने. ती टोचणी त्याला झोपू देत नव्हती.

मे महिन्यात तो एकटाच निघाला. "पाऊस लागला की होड्या बंद. आता मी कुणाचं ऐकणार नाही. बाबांचंही नाही."

मंगेशने हात जोडले. त्या दुपारीही तात्यांनी 'जाऊ नये' म्हटलं होतं, दोनदा. कौस्तुभने शेजारच्या खाडीतली दुसरी होडी ठरवली.

होडीतून त्याचा विनयाला फोन आला, अर्थात चिडलेला. "भटजी आलेच नाहीत. होडीवाला घाई करतोय. ऊन तर असं लागतंय की... थांब, विनया, इथे कोणीतरी..."

फोन कटला.

विनयाचा जीव कसा झाला असेल, कल्पना करा. पण थोड्याच वेळात मंगेशचा फोन आला. भावोजी होडीतून किनाऱ्यावर उतरले. मी डोळ्यांनी बघितलं. अस्थी सोडल्या, समुद्र तेलासारखा शांत.

संपलं, असं तिला वाटलं. इतके महिने ज्याने छळलं ते नुसतं मनाचं भूत होतं, म्हणून ती रडली आणि स्वतःवर हसलीही.

कौस्तुभ परत आला. विनया म्हणाली, "दमलास?"

"नाही," तो म्हणाला. "छान झालं सगळं."

त्या संध्याकाळी कूलर बंद पडला. कौस्तुभ घामाने निथळत शांत बसून राहिला.

साहेबाचा सुट्टीच्या दिवशी फोन आला. "चालेल सर," म्हणाला.

चहात साखर घालायची राहिली. त्याने कप संपवला.

पहिले दोन दिवस विनयाला बरं वाटलं. वडिलांच्या ऋणातून सुटला, म्हणून निवला असेल. मग एकदा तिने मुद्दाम आमटीत मूठभर मीठ टाकलं.

त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"छान झालीय."

मग तो रविवार. तो जेवायला बसला होता, ती वाढत होती. तात्यांचा ट्रान्झिस्टर कपाटावर पडून होता. त्यातले सेल तिने स्वतः काढून टाकले होते.

आधी खरखर आली...

मग आवाज. स्वच्छ, ओळखीचा, सावकाश. जयपुरात पहिल्यांदाच ते स्टेशन लागलं होतं.

"मच्छीमारांसाठी सूचना. समुद्रात गेलेले पुढील गृहस्थ अद्याप परतलेले नाहीत..."

विनयाच्या हातातला डाव तसाच राहिला.

"कौस्तुभ मुरलीधर..."

तिने समोर बघितलं. कौस्तुभ भात कालवत होता. त्याने मानही वर केली नाही.

टक.

आणि पुन्हा पहिल्यापासून. तेच शब्द, तेच नाव. पण दुसऱ्या वेळी नाव वाचताना तात्यांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत तो कधी फाटला नव्हता.

रेडिओ बंद झाला. विनया उठली. तिने जाऊन घराचं दार सताड उघडलं. गरम वारा आत आला, धूळ आली.

"दार लाव ना," तो मागून म्हणाला. अगदी प्रेमाने. "मी आलोय ना घरी."

हे तिने मला फोनवर सांगितलं, दबक्या आवाजात, जिन्यात उभी राहून. मी म्हटलं, अगं, दुःख झालंय त्याला, माणसं बदलतात. डॉक्टरकडे ने. तू वेडी झालीयस. मी तिला फाडफाड बोलले, आता आठवलं की वाईट वाटतं.

तिने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "तो रोज विचारतो गं, दार कधी लावणार. एकदाही चिडत नाही."

तिने अजून दार लावलेलं नाही.