नकाशातली खोटी खूण

लॉजच्या जेवणघरात चहा गार होत होता आणि मास्तर वहीच्या शेवटच्या पानावर राजधानी काढत होते. आधी नदी, मधे एक झोकदार वळण घेऊन. मग संसद, संग्रहालय, जुना बाजार, आणि नदीच्या अलीकडे घुमटाचं मोठं स्टेशन. पेन्सिल कुठेही अडत नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी हाच नकाशा फळ्यावर काढला होता, तोही पुस्तक न उघडता. गंमत एवढीच, की राजधानीत त्यांचं पाऊल पडलं ते काल पहाटे, आयुष्यात पहिल्यांदा.

"आजोबा, खोटी खूण टाकलीत ना?" नातीने विचारलं. नऊ वर्षांच्या त्या मुलीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. खुर्चीवर एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

"टाकतो ना. त्याशिवाय नकाशा कसला?"

मास्तरांची ही शिकवण्याची जुनी तऱ्हा होती. नकाशात सगळं खरं काढायचं आणि एक गोष्ट मनाची घुसडून द्यायची. मुलांनी ॲटलास धुंडाळायचा, मोठ्यांना विचारायचं, आणि ज्याला ती खोटी खूण सापडेल त्याने फळ्यापाशी येऊन आपल्या हाताने ती पुसायची. मास्तर उत्तर कधी सांगत नसत. मुलांनी कितीही विनवण्या केल्या तरी एकच वाक्य ऐकायला मिळे, "नीट बघा, मगच विश्वास ठेवा." मधल्या सुट्टीत मुलं या वाक्याची नक्कल करत आणि मास्तर खिडकीआड उभे राहून ती ऐकत, खूश होत.

आज त्यांनी नदीच्या पलीकडच्या काठावर, जिथे खरं तर काहीच नव्हतं, तिथे एक छोटं स्टेशन काढलं. उतरतं छप्पर, दोन फलाट, दर्शनी भिंतीवर गोल घड्याळ. घड्याळ इतकं लहान झालं की त्यात काटे मावेनात, तसंच सोडलं. भिंगरीला हे सहज सापडणार नव्हतं. काल गाडीतून उतरताना ती त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली होती, त्यामुळे तिने खरं स्टेशनसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, सहा-दहाची गाडी आहे, लक्षात आहे ना? उद्या तिची परीक्षा आहे. आणि हात सोडू नका तिचा. मागे प्रदर्शनात तुम्ही दगडांच्या जाती बघत बसलात आणि ही दोन तास हरवली होती."

"अगं, किती वेळा तेच!"

"तेच, कारण माझा जीव तेव्हापासून टांगलेला आहे. या वेळी तिला नीट घरी आणलंत, तर पुढच्या सुट्टीतही देईन तुमच्याबरोबर. नाहीतर नाही."

मास्तरांनी फोन ठेवला, कोटाच्या आतल्या खिशातली तिकिटं चाचपली आणि नातीचा हात धरला.

पर्यटकांची बस नऊला निघाली. बॅगा खाली सामानाच्या कप्प्यात गेल्या, कारण शेवटचा थांबा स्टेशनच होता. बसमध्ये वीसेक माणसं असतील. शेजारच्या बाकावर, चौकशी करून मास्तरांना लगेच गुरुजी म्हणू लागलेल्या, एक छत्रीवाल्या बाई होत्या. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी छत्री मांडीवर आडवी. दाराशी गाईड उभा होता, किडकिडीत, वय सांगता येणार नाही असा. त्याच्या हातात लाल झेंडी होती, पण कागद किंवा पुस्तक काहीच नव्हतं.

संसद झाली, संग्रहालय झालं. मास्तरांना मोठी मौज वाटत होती. इतकी वर्षं खडूने काढलेल्या रेघा आता दगडाच्या होऊन समोर उभ्या होत्या. भिंगरी एकेक ठिकाण वहीत ताडून बघत होती आणि त्यावर बरोबरची खूण करत होती.

मग बस एका चौकात थांबली. मधे दगडी चौथऱ्यावर घोडा होता. स्वार नव्हता.

मास्तर थबकले. असा घोडा त्यांनी काढला होता. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, खोटी खूण म्हणून. त्यांना घोडा काढता येई, माणूस काही केल्या जमत नसे, म्हणून स्वार वगळलेला.

"याच्यावर बसणारा कुठे गेला?" कुणीतरी विचारलं.

"पाणी प्यायला," गाईड म्हणाला. सगळे हसले.

मास्तर हसले नाहीत. त्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने हेच विचारलं होतं, आणि मास्तरांनी हेच उत्तर दिलं होतं.

असतो एखादा योगायोग, त्यांनी मनाशी म्हटलं. जगात घोडे पुष्कळ आहेत आणि विनोद मोजकेच. पण घोड्याच्या पाठीवरून पोटापर्यंत एक पांढरा, धुरकट पट्टा गेला होता. तळहाताएवढा रुंद.

"हे काय हो?" त्यांनी विचारलं.

"कबुतरं," गाईड म्हणाला. त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

दुसरा धक्का जेवणानंतर बसला. बाजारामागे एक गोल मनोरा होता, उंच, एकही खिडकी नसलेला. हाही मास्तरांचाच. वर्ष आठवलं, वर्ग आठवला, तो शोधून काढणारी दोन वेण्यांची मुलगी आठवली. तिने सगळा ॲटलास पालथा घालून छातीठोकपणे सांगितलं होतं, "गुरुजी, असा मनोरा तिथे नाहीच." आणि डस्टर सापडेना म्हणून ओढणीने पुसला होता.

मनोऱ्यावर वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा होता. अगदी ओढणी फिरवावी तसा नागमोडी.

मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी भिंगरीला जवळ ओढलं आणि गाईडला गाठलं.

"तुमची शाळा कुठली?"

"इथलीच, काका."

"भूगोल कोण शिकवायचं?"

गाईड त्यांच्याकडे बघत राहिला, गोड हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चला मंडळी, नीट बघा, मगच विश्वास ठेवा!"

म्हणजे माझाच कुणी विद्यार्थी आहे आणि माझी थट्टा चालवली आहे, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. तेवढ्याने बरं वाटलं. पण चालता चालता त्यांच्याच ध्यानात आलं, की थट्टेसाठी कुणी चार मजली मनोरा बांधत नाही.

"हा मनोरा तुम्हाला माहीत होता?" त्यांनी छत्रीवाल्या बाईंना विचारलं.

"म्हणजे काय! माझ्या नणंदेने लग्नानंतर पाठवलेलं पोस्टकार्ड आहे याचं." बाई पायरीवर बसत म्हणाल्या. "मला आता मनोरे नकोत, गुरुजी. माझ्या पायांनी दुपारीच राजीनामा दिलाय. कधी एकदा त्या मोठ्या स्टेशनवर जाऊन बाकावर पडते, असं झालंय."

मोठं स्टेशन. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. निदान ते तरी जागेवर होतं. बाजाराच्या छपरांवरून त्याचा तांबडा घुमट स्वच्छ दिसत होता, फार तर पंधरा मिनिटांची वाट. घड्याळात पावणेपाच झाले होते. वेळ भरपूर होता.

पण बस घुमटाकडे वळली नाही. ती नदीकडे निघाली.

"गाईड, आम्हाला स्टेशनवर जायचंय!"

"तिकडेच जातोय, काका."

"स्टेशन मागे राहिलं!"

"तुमची गाडी आज पलीकडून सुटते." गाईडचा आवाज शांत होता. छत्रीवाल्या बाईंनी छत्री घट्ट धरली.

पूल आला. पाच कमानींचा, दगडी. मास्तर खिडकीला नाक लावून मोजत होते. पहिली कमान, दुसरी, आणि तिसरी, बाकीच्यांपेक्षा बुटकी, किंचित वाकडी. ती का बुटकी होती ते या जगात फक्त त्यांना माहीत होतं. तिसरी कमान काढताना खडू मोडला होता आणि त्याच वेळी घंटा झाली होती.

कठड्यावर पांढरा पट्टा होता.

त्यांनी नातीच्या हाताचा पंजा इतका घट्ट धरला, की ती कळवळली. "आजोबा, दुखतंय! मला लिहिता येत नाहीये."

"मग डाव्या हाताने लिही."

"डाव्या हाताने कुणी लिहितं का?" ती हसली आणि हात सोडवून पुन्हा वहीत डोकं घालून बसली.

पूल संपला. बस थांबली.

समोर उतरतं छप्पर होतं. दोन फलाट. दर्शनी भिंतीवर गोल घड्याळ, त्याला काटे नव्हते. वर एकच शब्द रंगवला होता, 'स्टेशन', आणि त्यातल्या शेवटच्या अक्षराची दांडी मास्तर ओढत तशी जरा लांब खाली आली होती.

भिंत कोरी, स्वच्छ होती. पांढरा पट्टा कुठेच नव्हता. हे अजून कुणी पुसलंच नव्हतं.

फलाटावर एक गाडी उभी होती. दारं उघडी, दिवे लागलेले. आत एकही माणूस नाही.

"उतरा मंडळी," गाईड म्हणाला.

माणसं निमूट उठली. बॅगा काढण्याचा आवाज येऊ लागला. मास्तर जागचे हलले नाहीत. डोक्यात एकच गोष्ट होती. भिंगरीला त्या गाडीत चढू द्यायचं नाही. चालत परत जायचं. पूल कसाही असला तरी आणणारा पूल नेतोच. घुमट दिसतोय, अर्ध्या तासात पोचू. गाडी मिळेल.

त्यांनी मागच्या काचेतून बघितलं. नदीपलीकडे, छपरांच्या वर, तांबडा घुमट उन्हात चमकत होता.

"आजोबा!" भिंगरीने बाही ओढली. तिचे डोळे चकाकत होते. "मला सापडली. खोटी खूण सापडली! एक स्टेशन इकडे काढलंय आणि एक तिकडे. दोनातलं एक खोटं. हो ना?"

असं मास्तरांना का वाटलं कोण जाणे, पण वाटलं खरं, की सुटकेची हीच वाट आहे. खूण मुलाने शोधायची आणि मुलानेच पुसायची. चौतीस वर्षं हेच चालत आलं होतं.

"शाबास!" ते घाईने म्हणाले. "पूस. लवकर पूस, बाळ."

कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. तशी सवयच नव्हती.

तिने पेन्सिल उलटी केली. मागच्या रबराने, जीभ बाहेर काढून, मन लावून पुसलं. वरून खाली, खालून वर. मग वहीवर फुंकर मारली.

मास्तर समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होते. छप्पर तसंच होतं. बिनकाट्यांचं घड्याळ तसंच होतं.

त्यांनी वहीत पाहिलं.

पलीकडच्या काठावरचं छोटं स्टेशन जागेवर होतं. अलीकडे, घुमटाच्या जागी, धुरकट पांढरा पट्टा होता.

"हे नव्हे..."

"हेच!" भिंगरी ठामपणे म्हणाली. "मी दिवसभर बघितलं, आजोबा. घुमटाचं स्टेशन आपण पाहिलंच नाही. हे तर समोर आहे, छप्पर, घड्याळ, सगळं वहीतल्यासारखं. तुम्हीच म्हणता ना, नीट बघा, मगच विश्वास ठेवा?"

मास्तर मागे वळले. नदीपलीकडे छपरं होती. छपरांवर आकाश होतं. आकाशाच्या एका तुकड्यात एक उभा, फिकट पट्टा होता.

"बाई," त्यांनी दाराशी पोचलेल्या छत्रीवाल्या बाईंना हाक मारली. "तुम्ही मघाशी म्हणालात, मोठं स्टेशन..."

बाई थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं.

"मोठं कुठलं, गुरुजी? एकच तर स्टेशन आहे."

त्या उतरून गेल्या. गाईड पायरीशी झेंडी गुंडाळत वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.

"चला ना आजोबा, गाडी चुकेल. आई रागावेल." भिंगरीने त्यांचा हात धरला.

मास्तरांनी दुसऱ्या हाताने खिशातली तिकिटं काढली. गाडीचा क्रमांक होता. दोघांची नावं, आसनं, सहा-दहाची वेळ, सगळं होतं. गाडी जिथून सुटणार त्या स्टेशनच्या नावापुढे मात्र कागद कोरा होता.

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. बोटाला रबराचा काळा चुरा लागला. तो अजून कोमट होता.