संपला की संपली

"चटणी संपला काय?"

शुक्रवार पेठेतल्या दुकानात शेंगाचटणी तोलता तोलता वैजयंतीनं मान वर केली. दारात एक तरुण रुमालानं घाम पुसत उभा होता.

"संपला नाही, संपली," ती म्हणाली.

त्याचा चेहराच पडला. "संपली? मग... पुढच्या शनिवारी येतो."

"अहो, चटणी हाय की. नुसतं 'संपली' म्हणायचं असतं."

हा अमरेश. नोकरी होटगी स्टेशनात, घर अक्कलकोटकडचं, घरात सगळे कानडी बोलणारे. कानडीत चटणी, चहा, चादर सगळ्यांना एकच माप, वस्तूंना तो-ती असा भेदच नाही, म्हणून मराठीत आला की गडी हटकून ठेच खायचा. मग दर शनिवारी तो पाव किलो चटणी न्यायला येऊ लागला. एकट्या माणसाला इतकी चटणी लागते कशाला, हे वैजयंतीनं मुद्दामच विचारलं नाही. तिला शनिवार आवडू लागला होता.

पुढे ऑर्डरीचं निमित्त करून त्यानं नंबर घेतला आणि मेसेज सुरू झाले. 'आपल्या सहवासात मन प्रफुल्लित होते...' एक चूक सापडेल तर शपथ. हा कोण हेडमास्तर, असं तिला वाटायचं.

अशात सांगोल्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता. रविवारी होय-नाही कळवायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी अमरेशचा लांबलचक मेसेज आला. प्रेमाचाच होता, पण वाचून तिला रडू आलं ते रागानं.

तो दुकानात आला तेव्हा तिनं मोबाइल पुढे धरला. "हे कुणी लिहिलं?"

एआयनं, तो ओशाळून म्हणाला. रजेचा अर्जही तोच लिहून देतो. "माझा मराठी ऐकून तुमी हसता की..."

"अर्ज खुशाल लिहून घ्या, तिथं माणूस कोण शोधतंय? पण उद्या सांगोल्याच्या स्थळाला होय म्हणू का नाही, ते मी ह्यावरून कसं ठरवू? ह्यात तुमी कुटं हाय?"

तो तसाच मागं फिरला. चटणीची पुडी तिथंच विसरून गेला.

संध्याकाळपर्यंत मोबाइलवर 'टायपिंग' दिसत होतं, जात होतं, पुन्हा दिसत होतं... शेवटी एकदाचे तीन शब्द आले.

'मला तू आवडला.'

वैजयंती हसली, आणि डोळे भरून आले तरी हसतच राहिली. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

"सांगोल्याला काय कळवू गं?" गल्ल्यावरून वडिलांनी विचारलं.

"नाही कळवा, अण्णा."

मग तिनं पदराला हात पुसले आणि नीट, विचार करून लिहिलं,

'मला पण तू आवडली.'