वाळ्याच्या पडद्यांची गाडी

“अहो, थांबा! तो बर्फ मला हवाय!”

भर दुपारी पंचगंगेच्या पुलाजवळ एका अनोळखी तरुणाच्या सायकलीला आडवी येऊन मी ओरडले. कॅरिअरवर तरटात गुंडाळलेली बर्फाची लादी होती, आणि त्यानं असा काही ब्रेक दाबला की ती लादी त्याच्या पाठीवरच यायची.

“तालमीतल्या पोरांच्या थंडाईचा हाय की ह्यो,” तो म्हणाला. “चोरायचा तर हळूच चोरावा, बाई. असं ओरडून?”

“माझी आई... त्या गाडीत... तिला घेरी आलीय—”

त्याचं हसू तिथंच थांबलं. पुढं काही न विचारता त्यानं दगडानं लादीचा कोपरा फोडला, खांद्यावरच्या टॉवेलात बांधला आणि माझ्यामागून धावत आला. आईच्या कपाळावर, मानेवर, तळव्यांवर आम्ही बर्फ फिरवत राहिलो. आईनं डोळे उघडले आणि मला एकदम रडू फुटलं.

“तुमचे आभार कसे मानू?” मी म्हणाले.

“आभार ऱ्हाऊ द्यात. आधी सांगा, ह्या भट्टीत माणूस झोपवायची आयडिया कुणाची?”

अण्णांचा चेहरा इतका उतरला की मला त्या माणसाचा रागच आला. कारण ती भट्टी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतःच्या हातांनी बांधली होती.

आई जिन्यावरून पडली तेव्हापासून तिची पाठ गेली होती. घटकाभर बसलं की कळा यायच्या. त्यामुळं कोल्हापूर सोडून कुठं जाणं नाही, आणि विजापूरची माईमावशी तर तिला वर्षानुवर्षं भेटली नव्हती. मावशीच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं, आणि अण्णांच्या डोक्यात किडा वळवळला. चित्रकलेचे मास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले, हातात कला आणि वेळ भरपूर. त्यांनी लिलावातून एक जुनी एस्टी घेतली. बाकडी उपटली, आईसाठी पलंग ठोकला, स्वयंपाकाचा ओटा केला, कपाटांच्या दारांवर कर्दळीची फुलं रंगवली. चालवायलासुद्धा शिकले! आईनं झोपून विजापूरला जायचं होतं. विचार सगळ्याचा झाला होता... फक्त उन्हाचा राहिला. ती आमची पहिलीच चक्कर होती, जोतिबापर्यंतची, आणि ती पुलापाशीच संपली.

“सर, रागावू नका,” अण्णांकडून हे सगळं ऐकल्यावर तो तरुण खालच्या आवाजात म्हणाला. “घर झ्याक बांधलंय. पण टप पत्र्याचा, इंजिन घरातच, आन् धूळ नको म्हणून खिडक्या बंद. मी जोतीराम. उद्यमनगरात ट्रकच्या बॉड्या बांधतो. गाडी माझ्याकडं लावा. आईंना गारेगार विजापूरला न्हेतो का न्हाय बगा.”

घरी आल्यावर आई अण्णांना म्हणाली, “विकून टाका ती गाडी. नशिबात नाही म्हणायचं. माईला सांगू, नाही जमलं.” हे म्हणताना ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. अण्णांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी उद्यमनगरात नेऊन लावली. मीही शाळा सुटल्यावर तडक उद्यमनगर गाठलं.

“आलात? मला वाटलंच,” जोतीराम म्हणाला.

“गाडी बघायला आलेय.”

“व्हय व्हय, गाडीच बगा. मी कुठं म्हटलं मला बगा म्हणून?”

मी मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. चाळीस पोरी एका नजरेनं गप्प बसवायचे, पण या माणसावर ती नजर चालेना. मी खिडक्यांना वाळ्याचे पडदे सुचवले, तर तो म्हणे, ओल्या पडद्यांनी आत वाफ कोंडंल. मी त्याला घाम आल्यावर वारा लागला की गार का वाटतं, ते समजावलं. वारा वाळ्यातून आत आला पाहिजे आणि मागच्या खिडकीतून बाहेर गेला पाहिजे.

“म्हंजे पुढं पडदं आन् मागं मोकळं. असं मराठीत सांगा की, मास्तरीणबाई!”

“मराठीतच सांगत होते.”

“मी तुमच्याकडं बगत हुतो. आयकायचं ऱ्हायलं.”

हे तो ट्रकच्या खाली सरकता सरकता म्हणाला, त्यामुळं माझा चेहरा कसा झाला ते त्याला दिसलं नाही. बरंच झालं.

मग रोजच जाणं होऊ लागलं. अण्णा मापं काढायचे, जोतीराम ठोकाठोक करायचा, मी पडदे शिवायचे. त्यानं टपावर लाकडी पट्ट्या बसवल्या आणि त्यांच्यावर ताडपत्री ताणली, म्हणजे ताडपत्री आणि पत्रा यांच्यामधून वारा खेळेल. इंजिनाच्या झाकणावर तरट आणि जाड लोकरी नमद्याचे थर चढवले. वाळ्याच्या पडद्यांवर थेंब थेंब पाणी पडावं म्हणून भोकं पाडलेली नळी लावली. ताडपत्रीखालच्या पत्र्याला पांढरा चुनाही दिला. पापाच्या तिकटीच्या बाजारातनं आणलेल्या वाळ्याचा वास माझ्या बोटांना सुटायचा नाही, आणि घरी जेवताना तो आला की मी उगाचच हसायचे.

“किती करताय आमच्यासाठी,” मी म्हणायचे. “कसे उपकार फेडायचे?”

दरवेळी त्याचा चेहरा पडायचा. “चला, लागा कामाला,” एवढंच म्हणायचा.

निघायच्या आदल्या सकाळी आम्ही सामान भरायला गेलो, आणि अण्णा दारातच थबकले. गाडीभर मुंग्या! टपावरच्या चुन्यावर, पडद्यांवर, कपाटांत, रंगवलेल्या कर्दळीवर, आईच्या गादीवर... काळ्या मुंग्यांच्या रांगाच रांगा.

“जोतीराम!” मी किंचाळले. “काय घातलंत तुम्ही चुन्यात?”

तो कावराबावरा झाला. “...गूळ.”

“गूळ?”

“आमच्या आज्ज्यानं घर बांधलं तवा चुन्यात गूळ घातलाता की. अजून पोपडा न्हाय निघाला. म्हटलं, भिंतीला चालतंय तर टपाला का न्हाय? पत्र्याला धरंल घट्ट...”

“किती घातला?”

“एक अख्खी ढेप,” तो पुटपुटला.

मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. उद्या निघायचंय, माझी आई ह्या गादीवर झोपायचीय, तुम्हाला अक्कल आहे का... अण्णा मध्ये पडले तरी मी थांबले नाही. त्यानं ताडपत्री सोडली, बादली उचलली आणि टपावर चढला. मग मीही पदर खोचून चढले.

आम्ही दिवसभर तो टप घासला. वर ऊन, खाली तापलेला पत्रा. त्यानं पायांखाली घ्यायला मला ओलं तरट दिलं, आणि स्वतः मात्र तसाच उभा राहिला. त्याच्या कोपरापर्यंत मुंग्या चावल्या होत्या, पण झटकायचं भान नव्हतं.

“बाई,” मधेच तो म्हणाला, माझ्याकडं न बघता. “आईंचं चुकलं आसतं ना जायचं... तर मला जलमभर जेवान गोड लागलं नसतं.”

त्याचे डोळे भरून आले होते. उद्यमनगरात सगळ्यांवर आवाज चढवणारा तो गडी, पण खाली मान घालून टप घासत होता. माझा राग गेला. कुठं गेला, कसा गेला, कळलंच नाही... हातातला ब्रश मात्र बराच वेळ एकाच जागी फिरत राहिला. संध्याकाळी आम्ही मीठ घातलेला साधा चुना पुन्हा दिला, ताडपत्री पुन्हा ताणली.

पहाटे निघालो. आईच्या पाठीला धक्का नको म्हणून गाडी हळू चालवायची होती, त्यामुळं ऊन गाठणारच होतं. ताडपत्रीची दोरी सुटली तर कोण बांधणार, असं म्हणत जोतीरामही मागच्या खिडकीशी बसला होता. मिरज गेलं. अथणीच्या पुढं मात्र रस्त्यावर झाड नाही की सावली नाही. रस्ता नुसता थरथरताना दिसत होता. अण्णांची मान ताठ झाली होती. मी नळीत पाणी ओतत होते आणि आईच्या चेहऱ्यावरची नजर हलवत नव्हते. पुढून वारा आत यायचा, वाळ्याचा वास घेऊन, तिच्या अंगावरून जायचा आणि जोतीरामच्या खिडकीतून बाहेर पडायचा.

आईनं डोळे उघडले. माझा जीव गोळा झाला.

“मीने,” ती म्हणाली, “पायांवर शाल घाल गं जरा. गारठा वाटतोय.”

मी मागं वळून बघितलं. जोतीराम खिडकीकडं तोंड करून बाहीनं डोळे पुसत होता. आणि अण्णांनी, काही कारण नसताना, मोकळ्या रस्त्यावर भलामोठा हॉर्न वाजवला!

विजापुरात मावशी मांडवातून धावत आली ती थेट पलंगापाशी. “काले... काले गं!” दोघींनी एकमेकींचे चेहरे चाचपले. मग आईच्या उशाशी मावशी जी बसली, ती उठायला तयार नव्हती. आत लोकांनी नवरीच्या आईला शोधून शोधून घर डोक्यावर घेतलं.

मी खाली उतरले तर जोतीराम खांद्याला पिशवी लावून उभा होता.

“कुठं निघालात?”

“एस्टी हाय तासाभरानं. माझं काम झालं की. परतीला सर हायत, तुमी हायसा. दोरी कशी बांधायची ते दावलंय सरांस्नी.”

“पण मला तुमचे—”

“आभार नगं!” तो एकदम म्हणाला. मग आवाज खाली आला. “बाई, खरं सांगू? तुमाला मागणी घालायची लई येळा मनात आलं. पण तुमी सारकं उपकार, उपकार करताय. उपकारापायी व्हय म्हणाल... आन् ते मला नगं. त्यापेक्षा गेल्यालं बरं.”

मांडवात सनई सुरू झाली होती. मला हसू येत होतं आणि रडूही.

“तुम्ही माझ्या आईला बर्फ दिलात तेव्हा मी उपकार मानले,” मी म्हणाले. “गाडी गार केलीत तेव्हाही मानले. जन्मभर मानीन, त्यात लाज कसली? पण मन बसलं ते काल... त्या टपावर. तुम्ही सगळा घोळ करून ठेवला होता, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले होते, आणि आभार मानण्यासारखं तुमच्याकडं काल काही म्हणजे काही नव्हतं. तेव्हा बसलं, जोतीराम.”

तो माझ्याकडं बघत राहिला. एरवी इतका बोलणारा माणूस...

“काही बोलणार आहात का?”

“बोलतो की,” तो म्हणाला. “पर आधी सरांस्नी.”

आणि खांद्यावरची पिशवी काढून त्यानं ती परत गाडीत ठेवली.