न धुतलेलं विरजण

मिरजेच्या वधूवर मंडळाचं नवं ॲप दुपारी चारला सुरू व्हायचं होतं आणि त्याचा सर्व्हर अजून लागत होता. लागत होता म्हणजे दही लागतं तसाच. लीलाताईंच्या कचेरीत, खिडकीखालच्या उन्हात, एक काचेची बरणी जुन्या शालीत गुंडाळून ठेवली होती. तिच्यात जिवाणू होते. आकडेमोड तेच करत, लक्षातही तेच ठेवत आणि मोबदल्यात दिवसाकाठी दोन चमचे गुळाचं पाणी नि थोडी ऊब मागत. चालत्या सर्व्हरमधलं चमचाभर विरजण आणलं की सहा तासांत नवा सर्व्हर तयार. यंत्रांनी भरलेल्या गार खोल्या आता फक्त जुन्या फोटोंत उरल्या होत्या.

ॲप लिहिलं होतं मृदुला खांबेटेने. फोनवर दिसते ती ओसरी, असं ती सगळ्यांना समजावून सांगे. खरा कारभार माजघरात, म्हणजे बरणीत. ओसरी तिने एकदाच बांधली होती आणि ती कुठल्याही कंपनीच्या फोनवर बिनतक्रार चालत होती.

"आपल्या मंडळात निदान फोनची तरी जात विचारत नाहीत," लीलाताई म्हणाल्या. मंडळ त्यांचंच होतं, तेव्हा ही थट्टा करायचा हक्कही त्यांचाच.

मृदुला एकोणचाळीस वर्षांची. सहा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या मंडळामार्फत शार्दूल केतकर नावाचा माणूस तिला बघायला आला होता. त्याने पोहे दोनदा मागून घेतले, तासभर गप्पा मारल्या, आणि मग होकार नाही की नकार नाही. नकार पचवता येतो हो, पण काहीच न येणं कसं पचवायचं? आपल्यात नेमकं काय खटकलं, हा प्रश्न तिला अजून छळत होता, आणि लीलाताईंना ते ठाऊक होतं.

आता साताऱ्याचं मंडळ बंद पडून त्याचे सभासद मिरजेकडे आले होते. विरजणही तिकडच्याच जुन्या सर्व्हरमधलं आणलं होतं.

तीनच्या सुमारास बरणी लागली. मृदुलाने तपासणीसाठी आपल्या जुन्याच नंबरने ॲप उघडलं. लगेच तीन निरोप आले. तिन्ही शार्दूलचे, तिन्ही सहा वर्षांपूर्वीच्या एकाच संध्याकाळचे.

'पोहे खारट होते. तरी दोनदा घेतले, कारण बशी रिकामी झाली की उठावं लागलं असतं आणि मला उठायचं नव्हतं. पुन्हा भेटाल का?'

त्याखाली: 'पोहे छान होते. पुन्हा भेटू या का?'

आणि शेवटचा: 'नमस्कार.'

मृदुला बरणीकडे वळली. "लीलाताई, विरजण मिठाच्या पाण्यात तीनदा धुतलंत ना?"

"अगं, विरजण कुणी धुतं का? पाणचट होतं सगळं."

"न धुतलेल्या जिवाणूंना मागचं सगळं आठवतं. लोकांनी लिहून पुसलेलंसुद्धा. याने तीनदा लिहिलं आणि न पाठवताच तीनदा पुसलं."

लीलाताईंनी चष्मा लावून तिन्ही निरोप वाचले. "भागूबाई मेला," त्या म्हणाल्या. "आणि पोहे खरंच खारट होते का गं?"

"होते," मृदुला म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सहा वर्षं ती स्वतःतच खोट शोधत बसली होती. आज तिला इतकं हलकं वाटलं की कचेरीतून उठून रस्ताभर सांगत सुटावं.

पण बरणीत दोनशे माणसांचे पुसलेले शब्द होते. चारनंतर एकेक जण ॲप उघडणार आणि कुणाचा राग, कुणाची लाज भलत्याच्या हातात पडणार.

"धुवायलाच हवं," ती म्हणाली. "अर्धा तास लागेल. त्यात हेही जाईल."

"मग आधी तुझं काम कर. आहे का तो अजून यादीत?"

होता. अविवाहित, आणि नवं ॲप त्याने आजच दुपारी फोनवर घेतलं होतं. ॲप सगळ्यांना चारला उघडणार असलं तरी चाचणीचा निरोप आधीही पोचत होता, आणि त्याला उत्तरही देता येत होतं. मृदुलाने लिहिलं, 'चाचणीचा निरोप. पोचला तर कळवा. मृदुला खांबेटे, मिरज.' बाकीचं तिने लिहिलं नाही. जे त्याने पुसलं होतं, ते त्याचं होतं.

निरोप वाचल्याची खूण आली. मग 'शार्दूल लिहीत आहेत' अशी ओळ उमटली आणि गेली. पुन्हा उमटली, पुन्हा गेली.

तो काय लिहून पुसत होता, ते बरणीला कळत होतं. समोरच्या लॅपटॉपवर एक कळ दाबली असती तर मृदुलालाही कळलं असतं. लीलाताई तिच्या खांद्यावरून पुढे वाकल्या.

"बघ ना पटकन. मला बाई राहवत नाही."

"नको," मृदुला म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला. "त्याला पाठवायचं असेल ते तो पाठवेल." मग ती उठली, पातेल्यात मिठाचं पाणी कालवून तिने बरणीशेजारी ठेवलं आणि फोन दोन्ही हातांत धरून बसली. साडेतीनला पाच मिनिटं होती.

ओळ तिसऱ्यांदा उमटली. या वेळी ती बराच वेळ राहिली.

लीलाताईंनी मृदुलाचं मनगट घट्ट धरलं. "आता नाही ना गं पुसणार तो?"